दोरीवरचा दुधी

आमच्या कट्ट्यावर कामाचं बोलायला बंदी आहे, आणि ही बंदी कुठल्याही तुरुंगापेक्षा कडक आहे हे मी शपथेवर सांगतो. वेबसाइटी बनवणाऱ्या मराठी माणसांचा हा ऑनलाइन ग्रुप. कामाच्या शंकांसाठी त्यात ढीगभर खोल्या आहेत आणि एक खोली नुसत्या गप्पांसाठी. तोच कट्टा. तिथे मासळीचे भाव, मुलांच्या शाळा, कुणाच्या मेव्हण्याचं मोडलेलं लग्न, काहीही चालतं. कोडबद्दल चकार शब्द काढला की दंड. दंड पैशात नाही. त्या क्षणी तुमच्या खिडकीतून जे दिसतं त्याचा फोटो टाकायचा, आवराआवर न करता. कोल्हापूरच्या एक ताई कट्टा सांभाळतात. त्यांच्या नजरेतून अर्धविरामसुद्धा सुटत नाही.

या कट्ट्यावर मला मान आहे. खरं नाव कुणाचंच कुणाला माहीत नाही, जो तो एकेका चित्राच्या आड बसून बोलतो. पण गोष्टी सांगणारा म्हणून माझा दबदबा आहे. माझ्या गोष्टींचा नायक दुधी. दुधी म्हणजे माझा साहेब. उंच, फिकट आणि चवीला काहीच नाही. दुधीच्या मीटिंगमध्ये घड्याळं उलटी चालतात. एकदा मी गुळगुळीत दाढी करून बसलो आणि उठलो तेव्हा ती छातीवर रुळत होती. दुधीने ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये सुकट गरम केली तेव्हा महापे ते तुर्भे मांजरांचा मोर्चा निघाला होता. दुधी लिफ्टमध्ये शिरला की लिफ्टलाही विचारतो, 'स्टेटस काय?' यात किती खरं नि किती खोटं ते मला विचारू नका. लिफ्टचं मात्र खरं आहे. ते मी या कानांनी ऐकलंय.

आणि याच दुधीच्या हातात तेव्हा माझी मान होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. घरात आम्ही दोघंच. तिला उठवायला, बसवायला, बाथरूमपर्यंत न्यायला मीच. म्हणून साहेबाने मला घरून काम करायची परवानगी दिली होती, महिनाअखेरीपर्यंत. पुढे वाढवायची की नाही ते तो तेव्हा बघणार होता. नाही म्हणाला असता तर मी रोज महापेला ऑफिसात आणि आई कामोठ्यात चौथ्या मजल्यावर दिवसभर एकटी. तिला हे सांगितलं की म्हणायची, "जा की मग. मी काय बारकं पोर हाय?" तिचं माहेर उरणकडचं. जिथे तिचे भाऊ भात लावायचे तिथे आता द्रोणागिरीची गोदामं आहेत. तिकडच्या बायका दुखण्याचं नाव घेत नाहीत, असं तिचं म्हणणं. पण भिंत धरधरून ती बाल्कनीतल्या खुर्चीपर्यंत जायची तेव्हा तिचा चेहरा मी बघत होतो.

अशात कट्ट्यावर कावळा आला. चित्र कावळ्याचं, म्हणून कावळा. 'मी साताऱ्याचा' एवढंच त्याने सांगितलं. एरवी बोलायचा नाही, पण दुधीची गोष्ट सुरू झाली की हा पहिला हजर. 'मग?' 'पुढे?' 'आणि साहेब काय म्हणाला?' आता मला सांगा, ज्याने दुधीला जन्मात पाहिलं नाही त्याला दुधीची एवढी ओढ का असावी? बाकीचे हसून निघून जायचे. हा थांबायचा. मला थांबणाऱ्या माणसाचा संशय येतो.

एका दुपारी लाइट गेली. गेली ती आमच्या सेक्टरची. रस्त्यापलीकडच्या दुकानांत दिवे तसेच होते. आमच्या पंख्याची शेवटची गिरकी संपायच्या आत फोनवर कट्टा वाजला. कावळा म्हणत होता, 'झालं. गेली लाइट.' आणि परत आली तेव्हाही माझ्या फ्रिजने हुंकार भरायला आणि कावळ्याने 'आली' म्हणायला एकच गाठ पडली. सातारा आणि कामोठं एकाच बटणावर चालतात हे मला कुणी कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग होती. साहेब हल्ली पनवेलच्या बाजूला, म्हणजे आमच्याच भागात, राहायला गेलाय एवढं ऑफिसात ठाऊक होतं. घरून बोलताना तो कॅमेरा बंद ठेवायचा. मी एका कानात इअरफोन घालून ऐकत होतो आणि दुसरा कान आईकडे मोकळा ठेवला होता. तेवढ्यात खिडकीखाली इडलीवाल्याने भोंगा दाबला. पों पों. आणि इअरफोनमधूनही पों पों. एका कानात माझी गल्ली, दुसऱ्या कानात साहेबाची, आणि मधे इडलीवाला एकच. माझं रक्त जे उतरलं ते सोसायटीच्या खालच्या टाकीत जाऊन थांबलं.

दुधी लिफ्टमध्ये अडकतो ती गोष्ट मी आदल्या दिवशीच कट्ट्यावर सुरू केली होती, ऐन रंगात आणून ठेवली होती. ती तिथेच टाकली. लोक 'पुढे काय' म्हणून ओरडले. मी काम आलं म्हणून सांगितलं.

आता समोरच्या इमारतीबद्दल सांगायला हवं. ती आमच्या इतकी जवळ आहे की तिकडे लसूण जळला की इकडे आम्ही गॅस बारीक करतो. तिच्या चौथ्या मजल्यावरचा, बरोबर आमच्या बाल्कनीसमोरचा फ्लॅट तीनेक महिन्यांपूर्वी भाड्याने गेला होता. मी बघायचो तेव्हा पडदे ओढलेले. त्यांच्या वॉचमनला विचारलं तर म्हणाला, कुणी कंप्युटरवाले साब आहेत. कामोठ्यात दर दुसरा भाडेकरू कंप्युटरवाला साब असतो. माझा संशय पक्का होता, पुरावा नव्हता. आणि पुरावा मिळवायचा एकच रस्ता मला दिसत होता: कावळ्याला दंड व्हायला हवा.

आमच्या कोड लिहिणाऱ्या जमातीची एक खोड आहे. घराला आग लागली तर उठतील न उठतील, पण कुणी कोडबद्दल चुकीचं काही लिहिलं की ते दुरुस्त केल्याशिवाय यांना पाणी गिळत नाही. मी आधी आईची पोपटांची चादर बाल्कनीत वाळत घातली. लालभडक चादर, तिच्यावर कोंबडीएवढे हिरवे पोपट. नव्या विमानतळावर उतरणारी विमानं तिच्याच अंदाजाने वळतात असा माझा समज आहे. मग कट्ट्यावर लिहिलं: 'वेबसाइटवर लोकांचे पासवर्ड जसेच्या तसे साठवले तरी चालतात. कोण बघायला येतंय?'

आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं पाप नाही. कट्ट्यावर प्रलय झाला. नाशिकचा एक शांत गृहस्थ, जो सणाला नमस्काराचं चित्र टाकण्यापलीकडे कधी काही बोलला नव्हता, त्याने लांबलचक व्याख्यान दिलं. सांगलीच्या एकीने मला या धंद्यातून हाकलायची मागणी केली. ताई एकेकाला दंड लावत सुटल्या, सर्वांत आधी मला. खिडक्यांची रांग लागली: नाशिकची पाण्याची टाकी, सांगलीची म्हैस, पुण्याची एक कोरी भिंत. मी बेरकी माणूस. स्वयंपाकघरातली खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या पाइपांच्या बोळात उघडते, तिचा फोटो टाकला. त्यात कबुतरांखेरीज काही दिसत नाही.

कावळा मात्र गप्प. त्याच्या चित्राखाली 'लिहीत आहे' असं उमटायचं आणि विझायचं. पुन्हा उमटायचं, पुन्हा विझायचं. बिचारा दात आवळून बसला असावा. शेवटी फुटला.

'असं लिहिणाऱ्याला मी माझ्या टीममध्ये एक दिवस ठेवणार नाही.'

माझ्या टीममध्ये. हे शब्द मी वाचले आणि आईच्या औषधांकडे बघितलं. ताईंनी लिहिलं, 'कावळेदादा, दंड.' लगेच फोटो आला. त्यात लाल चादर होती, पोपट होते, आणि पोपटांच्या शेजारी खुर्चीत माझी आई बसली होती. ती फोटो काढणाऱ्याला हात करत होती. हसून.

मी बाल्कनीत गेलो. समोर पडदे ओढलेले. आईला विचारलं, "समोर कोण राहतं गं?"

"तो उंच? गरीब मानूस हाय. एकटाच असतो."

"तुला काय माहीत?"

"रोज गुडघा इचारतो की माझा." आणि तिने स्वतःचा गुडघा थोपटून, हाताचा पंजा फिरवून, मान वर करून ते विचारणं मला करून दाखवलं. म्हणजे मी आतल्या खोलीत बसून दुधीला रोज भाजत होतो आणि बाल्कनीत दुधी माझ्या आईशी खुणांनी गप्पा मारत होता.

"माझ्याबद्दल काय सांगितलंस त्याला?"

"काय सांगनार? पोरगा आत बसून एकटाच हसत असतो, इतकंच." तेही तिने करून दाखवलं. तोंडावर हात, मान फोनमध्ये आणि खांदे गदागदा. हुबेहूब मी.

संशयाचं एक वाईट असतं. खरा ठरला तरी सुटका होत नाही, नवा फुटतो. साहेबाला मी कोण ते कळलंय का? कळलं असेल तर आईशी एवढं गोड का? माणूस गोड कधी वागतो ते मला चांगलं ठाऊक आहे. मीच आयुष्यभर तसा वागत आलोय. महिनाअखेर उद्यावर आली होती. कट्ट्यावर मी एक अक्षर टाकलं नाही.

सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत आलो. समोरच्या दोरीवर दोन शर्ट होते, एक टॉवेल होता, आणि त्यांच्या मधे सुतळीने बांधून एक दुधी टांगला होता. असला दुधी एपीएमसीच्या भाजीबाजारात आला तर व्यापारी उठून त्याला बसायला जागा देतील. वर दोन चिमटे लावले होते, वाऱ्याने उडू नये म्हणून.

"दुधी कोन दोरीवर टांगतं रं?" आईने विचारलं. मी कप कठड्यावर ठेवला आणि शर्टाला इस्त्री करायला आत गेलो.

परवानगीच्या बोलण्यासाठी साहेबाचा कॉल आला तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो, फाशीला जाणारा माणूस घालतो तसा. आज त्याचा कॅमेरा चालू होता. त्याच्या मागच्या खिडकीत माझे पोपट फडफडत होते.

"स्टेटस काय?"

मी प्रोजेक्टचं सांगायला लागलो.

"ते नाही. आईंचं."

"बरी आहे, सर."

"बऱ्या नाहीत. भिंत सोडत नाहीत अजून. मी रोज बघतो." तो खाली बघून काहीतरी टाइप करत होता. "भिंत सोडेपर्यंत घरून कर. मेल टाकलीय."

मी अट यायची वाट बघितली. आली नाही. मग मलाच राहवलं नाही. "सर, तो खिडकीचा फोटो..."

"माझ्याकडेही डक्ट आहे. कबुतरंही आहेत. पुढच्या खिडकीचा मुद्दाम टाकला."

"का, सर?"

त्याने कीबोर्ड बाजूला सारला. फिकट चेहरा आणखी फिकट झाला. "ऑफिसात माझ्याशी कुणी कामाशिवाय बोलत नाही. मी आलो की गप्पा थांबतात. तिथे निदान माझ्याबद्दल तरी बोलतात."

मी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"आणि सुकट नव्हती ती," तो म्हणाला. "बोंबील होते. पासवर्ड खरंच तसेच ठेवतोस का रे?"

"नाही, सर."

"बरं. मग लिफ्टची गोष्ट पुरी कर. अर्धी टाकलीस."

मेल मी उभी वाचली, आडवी वाचली, प्रत्येक ओळीच्या खाली काही दडलंय का ते बघितलं. काही नव्हतं. आईला सांगितलं की परवानगी वाढली. ती म्हणाली, आता तो दुधी सुकायच्या आत मागून आन, चन्याची डाल घालून करते. म्हणजे मी करायचा आणि ती खुर्चीतून सांगणार.

आधी कट्टा उघडला. लिहिलं की दुधी लिफ्टमध्ये अडकला, दिवे गेले, आणि त्याने अंधारात सवयीने विचारलं, 'स्टेटस काय?' तेव्हा इतकी वर्षं गप्प बसलेली लिफ्ट पहिल्यांदा बोलली. इथे थांबलो. खाली लगेच कावळा: 'मग?'

आईने खुर्चीतून हाक मारली. "अरं बघ बघ, तो पन तुझ्यासारकाच."

समोरचे पडदे उघडे होते. खिडकीत तो उंच माणूस फोनवर वाकून उभा होता, तोंडावर हात, आणि खांदे गदागदा हलत होते. मी त्या हसण्याकडे बराच वेळ संशयाने बघत राहिलो. मग पुढची ओळ लिहिली, जरा जपून.