मेहुण्यांची पाच मिनिटं

मागितल्याशिवाय काही उघडायचं नाही आणि लागत नसेल तर उघडं ठेवायचं नाही, एवढ्या एका नियमावर अख्खा संसार केलेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे. तो म्हणजे माझे मेहुणे. अंधेरीच्या एका कंपनीत त्यांनी उभा जन्म कॉम्प्युटर सांभाळले. तिथे ढीगभर डिस्क होत्या, पण त्या सगळ्या एकदम जोडून ठेवणं त्यांना उधळपट्टी वाटे. कोणी नाव घेऊन फोल्डर मागितला की त्याची डिस्क आपोआप जोडली जायची, आणि पाच मिनिटं कोणी विचारलं नाही की आपोआप सुटायची. नवीन माणसाला बाहेरून सगळं रिकामंच दिसायचं. तो "सर, वाट लागली!" म्हणत धावत यायचा आणि मेहुणे हातातला कप खाली न ठेवता म्हणायचे, "रिकामं नाही रे. नाव घेऊन माग."

हीच पद्धत त्यांनी मुलुंडच्या घरात आणली. घडीच्या खुर्च्या भिंतीला टांगलेल्या. पाहुणा आला की एक खाली यायची. तो हात धुवायला उठून जरा रेंगाळला, की खुर्ची पुन्हा भिंतीवर. मी स्वतः त्यांच्याकडे अर्धी बशी पोहे उभ्याने खाल्लेत. बोलण्याचंही तेच. चारचौघांत तासभर गप्प. पण कोणी नेमका प्रश्न विचारला की उत्तर संपेपर्यंत विचारणाऱ्याचा चहा गार व्हायचा. माझ्या ताईने या माणसाबरोबर सगळा जन्म हसत काढला. तिला मात्र ते कधी नावाने हाक मारत नसत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, पुढे कायम "अगं."

ताई गेली त्याला वर्ष होत आलं. बिल्डिंगमधल्या मुलांसाठी ती गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायची. वर्षश्राद्धाला तिचा आवाज सगळ्यांनी ऐकावा असं फार मनात होतं, म्हणून एका सकाळी मी मेहुण्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसलो. आत काहीच नव्हतं. लागत नाही ते हा माणूस काढून टाकतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"भाऊजी, पुसलंत की काय सगळं?" माझा आवाज चढला.

"रिकामं नाही रे. तिचं नाव टाक."

मी 'सुमन' असं टाइप केलं. क्षणभर काही नाही. मग एकाखाली एक फायली दिसू लागल्या. पहिलीच लावली, तर गोष्टीच्या आधी ताई ओरडली, "अहो, माझी खुर्ची कुठे नेलीत?" आम्ही दोघंही हसलो, आणि मग ते हसणं काही धड जमेना.

गोष्ट संपल्यावर थोड्या वेळाने मेहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि तिचं नाव पुन्हा टाइप केलं.

"पाच मिनिटं झाली की डिस्क सुटते ना," ते म्हणाले. "रोज सकाळी बसतो इथे. चार मिनिटं झाली की हाक मारतो."

"अहो, मग कायमची जोडून ठेवा की. तुम्हाला एका ओळीचं काम."

"एका ओळीचंच आहे." ते पडद्याकडे बघत राहिले. "पण मग मी तिचं नाव कशाला घेईन?"

इतकी वर्षं त्यांची थट्टा केली, त्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं. चार मिनिटं होत आली तेव्हा त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी ताईचं नाव टाइप केलं.