बट्टीतलं अंडं

मी मुळातच भित्री. पाल, पोलीस, इंजेक्शन, सासूबाईंचं आंतर्देशीय पत्र, सगळ्यांना घाबरणारी. पण आयुष्यात सगळ्यात जास्त मी कशाला घाबरले असेन, तर कोंबडीच्या अंड्याला. हसू नका. सुरतेत कतारगामला असताना तीन-चार महिने मी त्या भीतीत काढले आहेत, आणि तेही पोटुशी असताना.

नव्वदचं दशक अर्ध्याहून जास्त सरलं होतं. माझे मिस्टर कापडाच्या कारखान्यात लूमवर कामाला. आधी आम्ही पांडेसराला दिरांच्या खोलीत राहायचो. पाणी खालच्या नळावरून हंड्याने वर न्यावं लागायचं. तिथं माझं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. हंड्यांमुळेच गेलं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या, पण मला दुसरं काही पटत नव्हतं. म्हणून पुन्हा दिवस राहिले तेव्हा मिस्टरांनी कारखाना बदलला आणि कतारगामला एका घराच्या माडीवर स्वतंत्र खोली घेतली. वरच नळ, दवाखाना दोन गल्ल्यांवर. हे बाळ जगायचं तर ही खोली टिकली पाहिजे, एवढं मला नीट कळत होतं.

घरमालकीण एक वयस्कर गुजराती विधवा. सगळी गल्ली तिला बा म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो. तिने अट एकच घातली. "मांस-मच्छी नई, इंडा पण नई. मारा घरमां ठाकोरजी छे." रविवारी मटण नसलं तर दिवसभर तोंड पाडून बसणारे आमचे मिस्टर हात जोडून म्हणाले, "बा, आम्ही तर अंड्याला शिवतसुद्धा नाही." मी खाली फरशीकडे बघत राहिले. खोटं ते बोलले आणि घाम मला फुटला.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्या अटीचं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. मटणाच्या रश्श्याने माझ्या छातीत जळजळ व्हायची, ती थांबली. मसाला वाटत बसायचं काम कमी झालं. बा खालून वाटीत काहीतरी पाठवायची, कधी पापडीची भाजी, थंडीत पोंक म्हणजे आपला हुरडा, कधी मेथीचे लाडू. ती वाटी रिकामी परत द्यायची नाही हा तिच्याकडचाही रिवाज आणि आमच्याकडचाही. मग मी भरीत भरून द्यायची, कळण्याची भाकरी द्यायची. ती माझ्या हातचं आवडीने खायची. तिचा माझ्यावर विश्वास होता, आणि भीतीची सुरुवात तिथूनच झाली.

चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि त्यांचा चेहराच उतरला. रक्त फार कमी होतं. लोहाच्या गोळ्या मला उलटून पडायच्या. त्या म्हणाल्या, "पालेभाज्या खा, तीळ-गूळ खा, सगळं खा. पण एवढ्याने वेळेत भरून यायचं नाही. रोज एक अंडं खात जा."

मी म्हटलं, "घरमालकीण चालू देत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मूल घरमालकिणीला होणार आहे की तुला?"

मिस्टरांना सांगितलं तर ते क्षणभरही थांबले नाहीत. "रोज खाई ले. कोनले सांगू नको. घाबरू नको, मी शे ना." त्यांचं 'मी शे ना', म्हणजे मी आहे ना, ऐकलं की मला जास्तच घाबरायला व्हायचं. कारण ते सकाळी सातला कारखान्यात जायचे ते संध्याकाळी सातला यायचे. मधले बारा तास बा खाली आणि मी वर.

अंडं येण्या-जाण्याचा मार्ग त्यांनीच काढला. संध्याकाळी डब्याच्या खालच्या पुडात सुताच्या गुंत्यात गुंडाळलेलं अंडं घरी यायचं आणि सकाळी त्याच पुडातून आदल्या दिवशीची टरफलं बाहेर जायची. टरफलं केरात टाकायची सोय नव्हती. एक तर प्लेगची साथ येऊन गेल्यापासून शहरात केराकडे सगळ्यांचंच बारीक लक्ष असायचं. दुसरं म्हणजे माझा केर बा स्वतः खाली न्यायची. "तारे दादर उतरवानो नई," जिना उतरायचा नाहीस, असं म्हणून बादली हिसकावूनच घ्यायची. माझ्यावर माया करणारी बाई माझीच बादली उचलत होती आणि मी टरफलाचा एखादा कण तर राहिला नाही ना, म्हणून देवाचा धावा करत होते.

अंडं मी कुकरमध्ये बटाट्यांबरोबर उकडायची. भिंतीकडे तोंड करून, उभ्याने, दोन घासांत संपवायची. मीठही लावायची नाही. त्याची चव कशी होती ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. घशाखाली उतरलं की लगेच बडीशेप तोंडात टाकायची आणि खिडकीत उदबत्ती लावायची. दुपारी एक वाजता इतकी उदबत्ती जळताना बघून बा एकदा म्हणाली, तू फार भाविक आहेस. त्या दिवशी मला रडूच आलं.

सातवा महिना लागला आणि तो दिवस आला. मला बट्ट्या खाव्याशा वाटत होत्या. आमच्या खानदेशात गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे आधी वाफवतात, मग तुपात परततात किंवा नुसतेच तुपात कुस्करून घोटलेल्या वरणाबरोबर खातात. मी मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं होतं. अकरा बट्ट्या वळून परातीत मांडल्या होत्या, शेवटच्या बट्टीपुरतं पीठ उरलं होतं. मध्येच उकडलेलं अंडं सोलून हातात घेतलं, टरफलं चहाच्या रिकाम्या डब्यात टाकून तो वरच्या फळीवर सरकवला, आणि जिन्याच्या कठड्यावर किल्ल्यांचा जुडगा वाजला. बाचे गुडघे दुखायचे. ती कठडा धरून चढायची आणि जुडगा तिच्या हातात असायचा.

तोंडात कोंबावं तर बोलता येणार नाही. डब्यात टाकावं तर डबा वरच्या फळीवर, तो काढेपर्यंत ती दारात. मी काय केलं असेल? उरलेल्या पिठात अंडं दाबलं, वरून पीठ ओढलं, गोल केलं आणि बाकीच्यांच्या रांगेत ठेवून दिलं. अंडं छोटं, गावठी होतं. बारा बट्ट्या सारख्या दिसत होत्या. मी स्वतःवर खूश झाले. असला मूर्खपणा करायला खानदेशी बाईच पाहिजे, आणि तीही घाबरलेली.

बा आत आली. हातातल्या वाटीत मेथीचे दोन लाडू. मला खाली वाकलेली बघून ती रागावलीच. "तू बेसी जा," म्हणत मला बसवलं, हात धुतले, आणि माझ्या देखत सगळ्या बट्ट्या स्वतःच्या हाताने उचलून चाळणीत रचल्या. एकीवर एक, जशी येईल तशी. मी डोळ्यांनी माझी बट्टी धरून ठेवायचा प्रयत्न केला. पाचव्या की सहाव्या बट्टीला ती हरवली. बाने वर झाकण ठेवलं आणि पाटावर ऐसपैस बसली.

वाफ येईपर्यंत ती बोलत होती. बाजरीची राब, म्हणजे पेज, पी, खजूर खा, तीळ खा. मग म्हणाली, "आजकाल डॉक्टर बधाने कहे, इंडा खाओ. लोही तो भाजीथी पण थाय. मारे पांच छोकरां थयां." पाच मुलं झाली, अंड्याशिवाय रक्त होतं, असं तिचं म्हणणं. तिचं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तिची पाचही मुलं धडधाकट होती. फक्त तिचं रक्त कुणी कधी तपासलं नव्हतं, आणि माझं तपासलं होतं. मी मान हलवत होते आणि पातेल्याकडे बघत होते.

बट्ट्या झाल्या. बा उठली आणि वाटी पुढे केली. काल अगियारस होती, एकादशीचा उपास झालेला, आज तुझ्या हातची बट्टी दे, म्हणाली. वाटी लाडू घेऊन आली होती, रिकामी परत कशी पाठवणार? मी हाताने एकेक बट्टी तोलून बघितली. सगळ्या सारख्याच जड. त्यातल्या त्यात लहान वाटल्या त्या चार दिल्या. जुडगा वाजत वाजत खाली गेला.

दार लावलं आणि मी उरलेल्या आठ बट्ट्या फोडायला लागले. बोटं भाजत होती. पहिली, नाही. दुसरी, नाही. सहावी, नाही. आठवी फोडली. त्यातही नुसतं पीठ.

म्हणजे ते खाली गेलं होतं.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. बाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उन्हाळ्यात ऑपरेशन करायचं ठरलं होतं. कुस्करलेल्या बट्टीत अंडं आहे हे तिला दिसलं नसतं. आणि जिने जन्मात अंडं चाखलं नाही तिला चव तरी कुठून कळणार? माझ्या मनात हे सगळं आलं, अगदी स्पष्ट आलं. गप्प बस, काही होणार नाही, खोली राहील, बाळ राहील. मी खरंच गप्प बसले होते. समोर तिचे मेथीचे दोन लाडू होते. ज्या बाईने माझी केराची बादली उचलली तिच्या तोंडात मी हे जाऊ देणार होते.

मी उठले आणि ज्या जिन्यावरून उतरू नकोस म्हणून सगळे सांगत होते, तो पोट धरून उतरले.

बा ताटावर बसली होती. एक बट्टी कुस्करून झाली होती, तिच्यावर तूप पडलं होतं, घास हातात होता. मी तिचं मनगट धरलं. "बा, नका खाऊ." ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तिच्या ताटातल्या उरलेल्या तीन बट्ट्या एकामागून एक फोडल्या. दुसरीतून ते पांढरंशुभ्र बाहेर आलं आणि ताटात घरंगळलं.

मग मी सगळं सांगितलं. पापणी, रक्त, पहिलं गेलेलं, डबा, सूत, उदबत्ती. मराठीत, गुजरातीत, जसं येईल तसं. बा मला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातला घास खाली ठेवला, ताट तसंच माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "उपर लई जा. तू खाई ले." मी वर आले तेव्हा खाली मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाला. ती ऐन दुपारी डोक्यावरून अंघोळ करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर कामावर जाताना तिने त्यांना थांबवलं. बाळंतपणापर्यंत राहा, त्यानंतर खोली बघा. एवढंच. मिस्टर नंतर म्हणाले, बरी सुटका झाली. मला तसं वाटलं नाही. आता कुठे जायचं, या विचाराने माझी झोप उडाली.

पण त्याच दुपारी कठड्यावर जुडगा वाजला. दार उघडलं तर बा नव्हती. उंबऱ्यावर पानाचा द्रोण होता, त्यात बाजरीची राब. दुसऱ्या दिवशी द्रोणात तिळाची चिक्की, मग मेथी, मग बीट किसून घातलेली कोशिंबीर. रोज द्रोण. वाटी पाठवली असती तर ती माझ्या घरातून परत घ्यावी लागली असती, त्यात मी काही भरलं असतं. द्रोण परत द्यायचा नसतो. खाऊन टाकून द्यायचा. मला तिचा रागही यायचा आणि खाताना डोळे भरूनही यायचे. आणि हो, अंडंही मी रोज खात होते. आता लपवत नव्हते, तरी भिंतीकडेच तोंड करून.

नवव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढली आणि पहिल्यांदा हसल्या. "काय खाल्लंस?" मी म्हटलं, "जे मिळालं ते." कशाने रक्त वाढलं, अंड्याने की द्रोणातल्या मेथीने, ते मला आजही ठाऊक नाही. अंड्याशिवाय चाललं नसतं असं मला वाटतं. पण नुसत्या अंड्यावर, त्या भीतीत, मी नऊ महिने तग धरला असता असंही मला वाटत नाही.

मुलगी झाली. छोटीशी, पण जिवंत, आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात रडणारी. दवाखान्यातून आले तेव्हा मिस्टरांनी भांडी गोणीत भरायला सुरुवात केली होती. खोली अजून मिळाली नव्हती, पण बाने तिचा शब्द पाळला तसा आम्हालाही आमचा पाळायचा होता. मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. नवी खोली, पाण्याचे हंडे, पुन्हा पांडेसरा, हेच डोक्यात फिरत होतं.

जुडगा वाजला. या वेळी बा आत आली. धापा टाकत पाटावर बसली, बाळ उचलून डोळ्यांजवळ नेलं आणि मोतीबिंदूतून जेवढं दिसेल तेवढं बघत राहिली. मग गोणीकडे बघितलं. आणि म्हणाली, "पाणी आल." पाणी दे, म्हणत होती.

दोन महिने तिने आमच्या घरचा कण घेतला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "बा, या घरात अजून ते शिजतं."

"खबर छे," बा म्हणाली. "पाणी आल."

मिस्टरांनी गोणीचं तोंड सोडून पेला शोधून काढला. मी तो तीन वेळा विसळला. बाने पेला वर धरला आणि ओठ न लावता, वरूनच, सगळं पाणी प्यायली.

पेला परत दिला तेव्हा मी तो फळीवर पालथा ठेवला. गोणीत पुन्हा भरला नाही.