विकणाऱ्याची बहीण

घर घेणाऱ्या माणसाबरोबर जागा बघायला गेली, की आत्या त्या घराकडं सगळ्यात शेवटी बघायची. आधी शेजारचं दार वाजवायची आणि प्यायला पाणी मागायची. काळा कोट हातावर, डोक्यावर पदर, कपाळावर घाम. अशा बाईला पाणी कोण नाकारणार? पाणी पिता पिता ती विचारायची, नळ रोज येतो का, पावसाळ्यात गल्लीत पाणी तुंबतं का, या बाजूच्या घरात आधी कोण राहायचं आणि ते का गेले. पाच वाक्यांत तिला जे कळायचं ते कागदांत कधी सापडत नसे. कागद ती नंतर बघायची, पण मग असे बघायची की समोरच्याला वाटावं, बाई झोपली की काय.

सुलभाआत्या देवासच्या कोर्टात वकिली करायची. लग्न केलं नव्हतं. टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्या आणि पुढं एक लहानसं ऑफिस. कोर्टात लहानथोर सगळे तिला ‘जीजी’, म्हणजे ताई, म्हणायचे. आमची शाळा हिंदी, त्यामुळं माझं मराठी मोडकंतोडकं. आत्या माझं वाक्य मधेच थांबवायची. “‘मी जाऊन राहिले’ नाही गं, ‘मी जाते आहे’. पुन्हा म्हण.” मी पुन्हा म्हणायची. आज मी हे मराठीत लिहू शकते आहे ते तिच्यामुळं.

बी.कॉम. झाल्यावर नोकरी मिळेपर्यंत मी तिच्या ऑफिसात टायपिंगला बसत असे. घर घेणारं जोडपं आलं की तिचे पहिले दोन प्रश्न ठरलेले. “वकील कोणी सुचवला? लोन कोणी सुचवलं?” बहुतेकदा उत्तर यायचं, बिल्डरनंच. मग ती चष्मा काढून टेबलावर ठेवायची. “म्हणजे विकणाऱ्याच्या खुर्चीवर तो, वकिलाच्या खुर्चीवर तो, आणि बँकेच्या खुर्चीवरही तोच. तुमची खुर्ची कुठं आहे?” लोक हसायचे. ती हसायची नाही. कोणी तक्रार केली की बँक फार कागद मागते, महिना झाला तरी लोन पास करत नाही, तर म्हणायची, “चिडू नका. त्यांचे पैसे अडकणार आहेत म्हणून ते बघताहेत. फुकटात तुमचंही बघून होतंय. जो कागद न बघता लोन देतो, त्याची भीती बाळगा.”

माझे बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ अनंत. घरात अंतू, आणि गावात अनंतभिया, म्हणजे अनंतभाऊ. आधी एका कंपनीत कारकून होते. मग प्रॉपर्टीचं काम धरलं, आणि बघता बघता एका शेतमालकाबरोबर भागीदारीत शहराबाहेर कॉलनी काढली. दोन सिंह बसवलेली कमान, आत मुरमाचा रस्ता, चुन्यानं आखलेले प्लॉट आणि नमुन्यादाखल बांधलेली काही घरं. जमीन अजून शेतीचीच होती आणि कॉलनीची परवानगी आलेली नव्हती. बाबा म्हणायचे, येईलच. त्यांच्या ऑफिसात एक वकील बसवलेला होता आणि एका खासगी फायनान्स कंपनीचा एजंटही. गिऱ्हाइकाच्या पाठीवर हात ठेवून बाबा म्हणत, “वकील हमारा, लोन हमारा, आप तो बस गृहप्रवेश की तारीख निकालो भिया!” मला हे तेव्हा फार रुबाबदार वाटायचं.

एका दुपारी कन्नौदहून एक मास्तर आणि त्यांची बायको आत्याकडं आली. मुलीच्या कॉलेजसाठी देवासात घर घ्यायचं होतं. सौदा ठरत आला होता, पण बाईंच्या मनात काही बसत नव्हतं. “जीजी, एक बार आप कागज देखी लो,” त्या म्हणाल्या. आत्यानं पहिलं पान उघडलं आणि थांबली. मी टाइप करता करता मान वर केली तर तिचा चेहरा उतरलेला. विकणाऱ्याचं आणि तिचं आडनाव एकच, पण या आडनावाची घरं देवासात पुष्कळ आहेत. त्या दोघांना काही माहीत नव्हतं.

“बेचनेवाला मेरा सगा भाई है,” आत्या म्हणाली. “इसलिए मैं आपकी वकील नहीं हो सकती.”

मास्तर गडबडीनं उठायला लागले. आपण कुठं येऊन पडलो, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आत्यानं हातानंच बसवलं. दुसऱ्या एका वकिलाचं नाव सांगितलं, ज्याच्याशी तिचं कोर्टात नेहमी वाजायचं. मग म्हणाली, “और एक काम करो. एजंट को छोड़ो, सरकारी बँक में जाकर लोन माँगो. बँक ना बोले तो समझ लेना.”

बँकेनं नाही म्हटलं. मास्तरांनी बयाणा परत मागितला आणि मागताना, जीजींनीच बँकेत पाठवलं होतं, हेही सांगून टाकलं.

भाऊबिजेला आम्ही नेहमीसारखे आत्याकडं गेलो. तिनं पाट मांडला, ओवाळलं, बाबांच्या कपाळाला कुंकू लावलं. बाबा पाटावरून उठले नाहीत. म्हणाले, “ताई, दरवर्षी मी ओवाळणी घालतो. या वर्षी तू मला दे. कॉलनीचे कागद ठीक आहेत एवढं तुझ्या सहीनं लिहून दे. तुझं नाव बघितलं की माणसं थांबतील. परवानगी येतेच आहे.”

आत्या तबक हातात धरून उभीच होती. “अंतू, जे माझं आहे ते माग. ही सही माझी नाही. ज्यांच्यासाठी करते त्यांची आहे.”

“घरच्यांपेक्षा बाहेरचे मोठे झाले तुला?”

“बाहेरचे माझ्यावर भिस्त टाकून येतात रे,” ती म्हणाली, आणि मग फार हळू, “तुझीही टाकून बघ. थांबव विक्री. परवानगीसाठी लागतील ते अर्ज मी लिहीन.”

बाबा उठले. आईनं पानातली बासुंदी तशीच सोडली. मी जिना उतरताना मागं वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर कोणाच्या बाजूला उभी आहे हे मला ठरवावं लागलं असतं. त्यानंतर आमच्या घरात आत्याचं नाव निघेनासं झालं. मला एका शाळेत हिशेबाची नोकरी लागली आणि तिच्या ऑफिसात जाणंही सुटलं. प्लॉट विकले गेले. कोणी पीथमपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, कोणी नर्स, कोणी किराणा दुकानदार. सगळ्यांना वकील आमचा, लोन आमचं.

मग सरकारी नोटीस आली. कॉलनी अवैध ठरली. एक दिवस मशीन आलं, कमान पाडली, रस्ता उखडला. घरांना वीज पक्की मिळेना आणि नवीन खरेदीखतांची रजिस्ट्री बंद झाली. विकून मोकळं व्हावं तर घेणार कोण? फायनान्स कंपनीचे हप्ते मात्र चालूच होते, आणि तेही चढ्या व्याजाचे. आईनं भाजीबाजारात जाणं सोडलं. मी शाळेतून येताना एक बाई दुसरीला म्हणाली, “वो देख, भिया की छोरी.” पूर्वीही असं म्हणायचे, तेव्हा मी मान वर करून चालायची. आता तेच शब्द होते, आणि मला ओढणी तोंडावर घ्यावीशी वाटली.

एका रविवारी सकाळी कॉलनीतली माणसं आमच्या दारात आली. बाबा आतल्या खोलीत पलंगावर बसलेले. त्यांनी मला खुणेनं सांगितलं. मी जाळीच्या दाराआडून म्हणाले, “पापा घर पे नहीं हैं. इंदौर गए हैं.” ती नर्स माझ्याकडं नुसती बघत राहिली. तिच्या बघण्यात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं.

तेवढ्यात गर्दीतून आत्या पुढं आली. कोणी कळवलं होतं कोण जाणे. ओट्यावरची खुर्ची तिनं ओढली, सगळ्यांकडं तोंड करून बसली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “अनंत घर में है. बाहर आएगा.” मग मान न वळवता मराठीत, “अंतू, बाहेर ये. मी बसले आहे इथं.”

जाळीला धरलेले माझे हात मला सोडवेनात. बराच वेळ गेला. मग बाबा बाहेर आले, बनियनवर शर्ट घालत, बटणं लावत. आत्यानं त्यांना बसायला सांगितलं नाही. एकेका माणसाला बोलायला लावलं. बाबा काही सांगायला गेले की ती म्हणायची, “आधी ऐक.” आईबहिणीवरून शिव्या आल्या. ती बहीण तिथंच बसलेली होती. तिनं त्याही ऐकल्या.

शेवटी आत्या म्हणाली, “कॉलनी नियमित करून घेता येईल. वेळ लागेल. चालत असेल तर मी तुमचं काम करते. फी नाही.”

तो निवृत्त कामगार हात जोडून म्हणाला, “जीजी, आपकी इज्जत है. पर आप भी तो उसी घर की हो.”

आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. इतक्या वर्षांत मी तिला कोर्टात हरलेली पाहिली होती, पण अशी पाहिली नव्हती. “ठीक बोल रहे हो, भिया,” ती म्हणाली. “वकील आपका होना चाहिए. मेरा नहीं.” आणि तीच उठून, ज्याच्याशी तिचं नेहमी वाजायचं त्या वकिलाकडं त्यांना घेऊन गेली.

आमचं घर विकून बाबांनी कॉलनीचं विकासशुल्क भरलं. ते त्यांनी आपणहून केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. आत्या रोज येऊन बसायची, तेव्हा झालं. मग आम्ही तिघं तिच्याकडं राहायला गेलो. आतली खोली तिनं आईबाबांना दिली आणि स्वतः ऑफिसात, फायलींच्या कपाटाशेजारी गादी घालून झोपू लागली. कॉलनीत नाल्या खोदायला सुरुवात झाली तेव्हा तिनं बाबांना रोज तिथं धाडलं. “उभा राहा जाऊन. लोक बोलतील ते ऐकून घे. उन्हानं कोणी मरत नाही.” बाबा जायचे. पहिले काही दिवस परत आल्यावर जेवत नसत. पुढं एकदा मजुरांबरोबर फावडं घेऊन चिखलानं भरून आले आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आत्यानं मात्र घरांचं काम सोडलं. कोणी फार आग्रह केला तर म्हणायची, “मी शेजाऱ्याच्या दारात काय तोंडानं उभी राहू?” पोटगीची, वारसाची कामं तेवढी घेई. आणि प्रत्येक नव्या माणसाला, त्यानं कागद टेबलावर ठेवायच्या आधी, सांगायची, “त्या कॉलनीचं ऐकलं असेल. तो माझा भाऊ.” काहीजण उठून जात. मी एकदा वैतागले. “आत्या, कशाला सांगतेस? कोणी विचारलंय?”

“दुसऱ्याकडून कळलं तर मी लपवलं असं होईल.”

“लाज नाही वाटत?”

“वाटते तर,” ती म्हणाली. “रोज वाटते. म्हणून तर सांगून टाकते. पोटात ठेवली की कुजते.”

कॉलनी नियमित व्हायला काही वर्षं गेली. तोवर माझं लग्न होऊन मी धारला आले. नवरा पीथमपूरला शिफ्टमध्ये. भाड्याच्या घराला कंटाळून आम्ही स्वतःचं बघायला लागलो तेव्हा मी फोन केला. कागद तूच बघ, म्हटलं. आत्या नाही म्हणाली. “मी तुझी आत्या आहे. तुझं घर व्हावं असं मला वाटतं. तुझ्या वकिलाला असं काही वाटता कामा नये. धारच्या कोर्टात जा, तीन जणांना विचारून एक नाव काढ. ज्याला मी ओळखत नाही असं. आणि दोन बँकांत अर्ज कर. जी जास्त छळेल तिचं लोन घे.”

आम्ही तसंच केलं. धारच्या वकीलबाईंनी आमचं पहिलं घर नापसंत केलं, दुसरंही केलं, तिसऱ्याला हो म्हणाल्या. बँकेनं इतकं छळलं की नवरा म्हणाला, भाड्याचंच बरं होतं.

रजिस्ट्रीच्या दिवशी आत्या देवासहून बसनं आली. पाय सुजलेले, दम लागत होता. त्यानंतर ती घराबाहेर पडली नाही, आणि त्याच थंडीत गेली. त्या दुपारी ती रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकावर, भिंतीला टेकून, कोणाच्याही कागदात नाक न खुपसता बसली होती.

कॉम्प्युटरवरच्या मुलीनं माझं नाव टाइप केलं. “पिताजी का नाम?”

मी नवऱ्याचं नाव सांगितलं. “पती का हो गया मॅडम. पॅन कार्ड में पिता का है, वो बताइए.”

रांगेत माणसं होती. धारमध्ये बाबांना ओळखणारं कोणी नव्हतं. तरी मी पुढं वाकून, जवळजवळ तिच्या कानात, काहीतरी पुटपुटले. तिला ऐकू आलं नाही. “क्या?”

“मोठ्यानं सांग,” मागून आत्या म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. “पाप केलं त्यानं, मी नाही म्हणत नाही. पण आज गेलीस त्या कॉलनीत, तर नालीचं झाकण सरकलं की लोक त्यालाच हाक मारतात. आणि तो जातो. सांग नाव.”

मी सरळ उभी राहिले. आणि बाबांचं पूर्ण नाव, आडनावासकट, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं सांगितलं. ती मुलगी टाइप करू लागली.