बाकड्यावरचा सत्कार

डांबरगोळ्यांचा वास आला की मला ती शाल आठवते. आमचे हे सरकारी बसचे निवृत्त ड्रायव्हर. छातीत कळ आली म्हणून बेळगावच्या दवाखान्यात नेलं, तर निवृत्तांचं आरोग्य कार्ड इथं चालत न्हाय म्हणत त्यांना बाहेर बाकड्यावरच बसवलं. दवाखान्यात शब्द टाकतील म्हणून मी निवृत्त संघाच्या अध्यक्षांना, अण्णांना फोन केला. आजारी सभासदाला शाल-नारळ द्यायची संघाची रीत. ते फोटोवाल्यालाही घेऊन आले. "अण्णा, पहिलं यांस्नी आत घ्यायला सांगा की!" मी ओरडले. "व्हय वैनी, सांगतो. जरा बाजूला व्हा, फोटो निघू दे." घामानं निथळणाऱ्या अंगावर डांबरगोळ्यांच्या वासाची शाल पडली. ह्यांना आत घेईपर्यंत सगळं संपलं होतं. परवा निरोप आला, दिवंगत सभासदाची बायको म्हणून अध्यक्ष माझा सत्कार करायला घरी येणार आहेत. येऊ देत. त्या शालीचं मी दारात पायपुसणं केलंय.