कॅमेऱ्याच्या पिशवीत मीठ

मी कॅमेऱ्याच्या पिशवीत मीठ ठेवलं. चुकून सांडलं नाही, मुलांनी टाकलं नाही; नीट विचार करून, पाव किलो जाडं मीठ जुन्या हातरुमालात बांधून, वर गाठ मारून मी स्वतः ठेवलं.

विचार असा होता. पावसाळ्यात कॅमेऱ्याला बुरशी येते, भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे फुटतात, असं मी वाचलं होतं. ओल शोषायला पिशवीत त्या बारीक पांढऱ्या पुड्या ठेवाव्यात, नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या, हेही वाचलं होतं. आमच्या घरी आलेल्या सगळ्या पुड्या मी आजवर ‘खाऊ नये’ एवढंच वाचून फेकून दिलेल्या. मग घरात ओल शोषणारं आणखी काय आहे? आषाढ लागला की आमच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. म्हणजे मीठ हवेतलं पाणी ओढतं! हा शोध मला पेणमध्ये राहून, मिठागरात हयात घालवलेल्या माणसाचा जावई असून, बावन्नाव्या वर्षी लागला. ओढलेलं पाणी मीठ पुढे कुठे ठेवतं, हा प्रश्न काही मला पडला नाही. पावसाआधी मिठागरातले मिठाचे ढीग गवताने शाकारतात, ते मी लग्न झाल्यापासून बघत आलोय. मला वाटायचं, धूळ बसू नये म्हणून.

कॅमेरा माझा नव्हता, हे सांगायचं राहिलं. रोह्याच्या खाली खाडीकाठच्या गावातला माझा एक शाळासोबती आहे, तो कुवेतला कंपनीत असतो. तीन वर्षांत त्याला घरी येता आलं नाही. आईशी रोज बोलतो, पण व्हिडिओवर बोलणं म्हणजे काय हे तिला, म्हणजे आमच्या चाचीला, काही केल्या पटत नाही. फोन वाजला की ती तो कानाला लावते. त्यामुळे तीन वर्षं मुलाला आईचा डावा कान तेवढा दिसतोय. कुणी फोनवर फोटो काढायला गेलं, की त्यातून मुलगा बोलणार असं समजून ती त्यात तोंड घालते आणि मोठमोठ्याने ‘हॅलो’ म्हणते.

शेवटी त्याने गावच्या एका माणसाबरोबर कॅमेराच पाठवून दिला. म्हणाला, “फोन नको. ओटीवर बसलेली आई, मागे पाऊस, असा एक फोटो काढ. मोठा करून खोलीत लावायचाय. शाळा सुटायच्या टायमाला ती तिथंच बसलेली असायची.”

आता यात मी आळस केला. ‘पाऊस काय, पडतोच आहे’ असं म्हणत महिना घालवला. मग एका सकाळी त्याचा निरोप आला: आज दुपारी आई मुरुडला माझ्या बहिणीकडे चाललीय, तिच्या मुलीचं बाळंतपण आहे, परत यायची ती दिवाळीनंतर. दिवाळीनंतर ओटी असेल, आई असेल, पाऊस नसेल.

बाहेर नुसता धो धो. आमच्या शेजारी गणपतीच्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ राहतात. भर पावसात मूर्ती टेम्पोत चढवायची म्हणजे कशी गुंडाळायची, हे त्यांच्या हातात बसलंय. त्यांनी माझी कॅमेऱ्याची पिशवी तशीच गुंडाळून दिली. आधी बायकोची मेंदी लावताना घालायची प्लॅस्टिकची टोपी, तिच्यावर दोन जाड पिशव्या, तोंड दुमडून खाली, वरून चिकटपट्टी. म्हणाले, “आता नदीत टाका, थेंब जायचा नाय.”

थेंब गेला नाही, हे खरंच. वडखळला खड्ड्यांतून, गडबला एका ट्रकने उडवलेल्या चिखलातून, नागोठण्याला रस्त्यावर चढलेल्या पाण्यातून दुचाकी काढली. मी आतल्या बनियनपर्यंत भिजलो. पिशवी मात्र ठणठणीत. चाचीच्या ओटीवर पोचल्यावर मी विजयी मुद्रेने चिकटपट्टी सोडली, पिशवी उघडली आणि आत हात घातला. हात ओला झाला.

हातरुमालातलं मीठ निम्म्यावर आलं होतं. उरलेलं निम्मं, महिनाभर हवेतली ओल ओढून, पिशवीच्या तळाशी पाणी होऊन साचलेलं, आणि त्यात कॅमेरा बसलेला, बादलीत मूल बसतं तसा. बाहेरचं पाणी आत यायला जागा नव्हती, तशी आतल्याला बाहेर जायलाही नव्हती.

चाची दारात उभी होती, प्रवासाची पिशवी भरून, डोक्यावर धुतलेली ओढणी घेऊन. तिने पुढे येऊन वाकून पाहिलं. बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

“ह्यात मीठ कशाला घातलंस रे पोरा? लोनचं घालतोस काय?”

“ओल खेचायला, चाची.”

“मग खेचली की त्याने,” चाची म्हणाली. “चांगली खेचली.”

मी घाईघाईने बॅटरी काढली, कार्ड काढलं, आणि कोरडं फडकं मागितलं. चाचीने दिलं नाही. आत जाऊन हंड्यातल्या पाण्यात एक मऊ फडकं बुडवून, पिळून घेऊन आली. मी कॅमेरा पाठीमागे लपवला.

“पाणी नको चाची! पाण्यानेच तर वाट लागलीय!”

“खारं हाय ते,” ती म्हणाली. “तसंच सुकवलंस तर मीठ आतच बसंल आनि लोखंड खाईल. तुझ्या चाचाची बॅटरी किती वेळा खाडीत पडली, मशिनीचा पार्ट पडला. खाऱ्यातून काडलं की आधी गोडं पानी दाखवायचं, मंग सुकवायचं. आन इकडं.”

चाचा खाडीत होडी चालवायचे. त्यांची ती हातातली बॅटरी, म्हणजे टॉर्च, मला आठवत होती. ती बरीच वर्षं चालली होती, हेही. आयुष्यभर पाण्यापासून वाचवायच्या वस्तूला स्वतःहून ओलं फडकं लावायचं, याला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. चाचीत होती. तिने फडकं आणखी एकदा, अगदी थेंब निघेना इतकं पिळलं आणि ओटीवर मांडी घालून कॅमेरा पुसायला घेतला. बटणांच्या कडा, भिंगाच्या भोवतीची कडी, पट्ट्याची शिवण. पांढरा थर जिथे दिसेल तिथे नखाला फडकं गुंडाळून. मी शेजारी बसून ‘हळू, चाची, हळू’ एवढंच काम केलं.

“तुला पन असाच पुसलाय मी,” ती मान वर न करता म्हणाली. “नाक गळायचं तुझं.”

मग कोरडं फडकं मिळालं. आणि नंतर तिने परसदारातून एक टोपली आणली. पावसाळ्यात कोंबडीची पिल्लं गारठू नयेत म्हणून तिच्यात वरून पिवळा बल्ब सोडलेला होता. पिल्लं आता मोठी होऊन पडवीभर हिंडत होती, टोपली रिकामीच होती. चाचीने खाली वर्तमानपत्र घातलं, कॅमेरा आणि भिंग वेगवेगळे ठेवले, बल्ब लावला, वर पातळ कापड. हाताची मागची बाजू आत धरून ऊब बघितली आणि बल्ब वीतभर वर घेतला.

“किती वेळ ठेवायचं?”

“जावई तीनला येतो रिक्षा घेऊन. तवर.”

तेव्हा बारा वाजत आले होते. अडीच तास आम्ही दोघं ओटीवर त्या टोपलीची राखण करत बसलो. तिने मला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं, आणि एका कोंबडीला दोनदा हाकललं. तिला वाटत होतं टोपलीत तिचंच कुणीतरी आहे. मी दर दहा मिनिटांनी कापड उचलून बघत होतो. भिंगावरचा धुरकटपणा आधी बशीएवढा वाटत होता, मग तो नाण्याएवढा झाला, मग कडेला गेला. तिथून मात्र हलेना.

अडीचलाच रिक्षाचा भोंगा वाजला. जावई दहा सोडा, पाच मिनिटंदेखील थांबायला तयार नव्हता. पुढे रस्त्यावर पाणी चढत होतं. मी भिंग बसवलं, चाचीला ओटीच्या कडेला बसवलं. मागे पाऊस अगदी सांगितल्यासारखा पडत होता. कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. कॅमेरा मेलेला. कुवेतला काय सांगू, तुझा कॅमेरा लोणच्यात घातला म्हणून?

“झाला काय?” चाचीने ओठ न हलवता विचारलं.

“नाही चाची. संपला बहुतेक.”

“अरे, मघाशी त्याच्यातून काय काडून खिशात टाकलंस?”

बॅटरी. शर्टाच्या खिशात माझ्या छातीशी अडीच तास उबेला बसलेली. मी ती खिशातून काढली आणि चाची जी हसायला लागली, ती थांबेचना. ओढणी तोंडाला लावावी एवढंही तिला सुचलं नाही. मी बॅटरी घातली, कार्ड घातलं, दिवा लागला. ती अजून हसतच होती. मी तीन फोटो काढले. मग रिक्षा तिला घेऊन गेली.

घरी येऊन कुवेतला फोटो पाठवला आणि सगळं रामायण बायकोला सांगून टाकलं, मिठापासून. मिठागरवाल्याची मुलगी ती; तिने उठून मिठाची बरणी माझा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवली.

कुवेतहून फोन यायला तास लागला.

“पुढचा दात पडलाय रे तिचा,” तो म्हणाला. “मला कुणी सांगितलंच नाय.”

कान बघून दाताचं कळणार कसं? मग त्यानेच विचारलं, “आणि त्या खालच्या कोपऱ्यात धुकं आणलंयस, ते कसं जमवलंस?”

“सराव,” मी म्हणालो.

फोन ठेवला. बायको अजून तो फोटो बघत होती. दोन बोटांनी तिने चाचीचा चेहरा मोठा केला, पुन्हा लहान केला.

“त्याला आई दिसली,” ती म्हणाली. “तिला कुठे तो दिसलाय तीन वर्षांत? त्याला म्हणावं, तुझाही एक पाठव, छापून घेऊ. मुरुडला मी नेऊन देते. तिलाही बघू दे, त्याचे किती केस गेलेत ते.”