त्याच पाण्यातले तीन मासे

झाशीच्या नगरा भागातल्या आमच्या घरी दोन फुटी टाकीत तीन सकर मासे होते. कॅटफिशच्या जातीतले, तोंडानं काचेला चिकटून शेवाळ खाणारे. तिघांनाही इलाइट चौराह्याजवळच्या दुकानातून एकदमच आणलं होतं आणि तिघंही काळे होते. वर्षभरानं त्यातल्या एकाच्या शेपटीजवळ पांढरा ठिपका दिसला. मी रोग समजलो. रोज सकाळी काचेला पट्टी लावून डाग मोजू लागलो. डाग वाढला, मग पाठीवर दुसरा आला. मासा मात्र ठणठणीत. शेवटी दुकानदाराला घरी बोलावून दाखवलं.

"भाईसाहब, बीमारी नहीं है, रंग उड़ रहा है," तो म्हणाला. "ऐसा पीस तो लोग ढूँढ़ते फिरते हैं. बेचना हो तो पहले मुझे बताना."

माझ्या पत्नीच्या बोटांवर पांढरे डाग त्याच्या आधीच आले होते आणि आता मनगटाच्या वर चढले होते. ते स्पर्शानं पसरत नाहीत, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मीही ओळखीच्या सगळ्यांना ते सांगितलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली होती.

ती लग्न होऊन सांगलीहून झाशीला आली. इथं मराठी घरं मोजकीच, आणि आमची मुलगीसुद्धा हिंदीतूनच उत्तर देते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मात्र सगळ्या बायका जमत आणि पत्नी पोटभर मराठी बोलून घरी येई. डाग आल्यापासून तिला कुणी आपल्या हातानं कुंकू लावेना. कोयरी नुसती पुढे करत, ती स्वतःच लावून घेई.

"यंदा आपल्याकडे बोलावू," ती म्हणाली. "आपल्या घरात तरी माझ्या हातचं घेतील."

बड़ा बाज़ारातून मी कैऱ्या आणि हरभरे आणले. तिनं गौर मांडली, आंब्याची डाळ वाटली, पन्हं केलं. बायका आल्या. टाकी दाराशीच होती, त्यामुळे आधी सगळ्या तिच्याभोवती जमल्या.

"अगंबाई, हा बघ गं! काळ्यावर पांढरं कसं उठून दिसतंय!"

"मुद्दाम रंगवल्यासारखा. वहिनी, नशीबवान हो तुम्ही!"

पत्नी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग कोयरी घेऊन ती आमच्यातल्या सर्वांत वडील काकूंसमोर आली आणि बोट कुंकवात बुडवलं. काकूंनी कोयरी तिच्या हातातून अलगद काढून घेतली.

"राहू दे गं, तुला किती कामं. मी घेते लावून."

स्वतःला लावून त्यांनी कोयरी शेजारणीकडे दिली. तिनंही स्वतःच लावून घेतलं आणि पुढे दिली. पत्नीचं कुंकवानं भरलेलं बोट तसंच वर राहिलं.

मी पन्ह्याचे पेले घेऊन उभा होतो. म्हणालो, "काकू, तिन्ही मासे एकाच पाण्यात आहेत. दीड वर्ष झालं. बाकीच्या दोघांवर एक तरी डाग दिसतोय का?"

काकू टाकीकडे बघत म्हणाल्या, "माशाचं वेगळं असतं रे, बाबा."

डाळ सगळ्यांनी खाल्ली. ओटीचे हरभरेही पदर पुढे करून घेतले, पण मुलीच्या हातून.

सगळ्या गेल्यावर मी पुन्हा त्याच पाण्याचं बोलू लागलो, तेव्हा पत्नी म्हणाली, "पुरे. त्यांना कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

त्यानंतर आमच्याकडे गौर मांडली गेली नाही. मासा आता जवळजवळ सगळा पांढरा झाला आहे. दुकानदार अजून विचारतो. पत्नी विकू देत नाही आणि माशाकडे बघतही नाही.

यंदाच्या चैत्रात काकूंकडचं बोलावणं आलं, तेव्हा तिनं मुलीला एकटीलाच पाठवलं. मुलगी परत येईपर्यंत ती दारात उभी होती.

"तुला कुंकू लावलं का गं कुणी?"

"हाँ मम्मी, सबने लगाया. आपको पूछ रही थीं."

मुलीच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलं होतं. पत्नीनं ते पुसायला हात उचलला, तिथंच थांबवला आणि पदराखाली घेतला.

"आरशात बघून पुसून घे," ती म्हणाली.