बाटलीतला कोरा चहा

सिनेमात दिसणारी प्रत्येक बाटली सामानमामा स्वतः भरायचा आणि स्वतः चाखायचा. त्याचं खरं नाव कुणी विचारत नसे. चित्रीकरणाला लागणारं सगळं सामान, पेल्यापासून पलंगापर्यंत, तो पुरवायचा, म्हणून सामानमामा. चाखण्याची शिस्त मात्र उशिरा लागली. एकदा पिऊन तर्र असताना त्याने एका नटीच्या हातात सरबत म्हणून रंगाचे ब्रश धुतलेलं पाणी दिलं होतं. बाई चार दिवस अंथरुणात, आणि मामाला वर्षभर कुणी दारात उभं केलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मामा तर साधं पाणीसुद्धा चाखून द्यायला लागला.

आता त्याची दारू सुटून अकरा महिने झाले होते. आणि नशीब असं खट्याळ, की काम मिळालं तेही दारू सोडलेल्या माणसाच्याच सिनेमाचं. पाठीशी कुठली कंपनी नाही. चार मित्रांनी पदरमोड करून काढलेला सिनेमा, चित्रीकरण दिग्दर्शिकेच्या मावशीच्या घरात. गोष्ट एवढीच, की व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेला मुलगा सुट्टीत घरी येतो आणि घरातले सगळे त्याच्याशी गोड बोलता बोलता त्याच्या हातांवर नजर ठेवतात. गोष्ट ऐकून मामा म्हणाला होता, "लिहिणारी आमच्या घरात डोकावून आली की काय?"

त्यालाही सुट्टीत लेकीकडे जायचं होतं. तीन वर्षं तिने त्याला घरात घेतलं नव्हतं. नातू दोन वर्षांचा झाला, पण मामाने त्याला फोटोतच पाहिलेलं. लेकीला दोष देता येत नव्हता. कॉलेजात होती तेव्हापासून ती बापाला कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवरून उचलायची, गाडीत मागच्या सीटवर आडवं करायची आणि शेजारी बादली ठेवायची. या वेळी फोनवर तिने स्पष्टच सांगितलं. "शेवटच्या दिवशी पाचला न्यायला येते. पण बाबा, वास आला तर तिथूनच परत फिरेन."

"नाही येणार," मामा म्हणाला होता.

शेवटच्या दिवशी एकच प्रसंग उरला होता. नायकाला स्वयंपाकघराच्या कपाटात जुनी बाटली सापडते, तो ती उघडतो, हुंगतो आणि सिंकमध्ये ओतून देतो. मामाने कोऱ्या चहाने आठ बाटल्या भरून ओळीने मांडल्या होत्या. कॅमेरा तयार झाला, सगळे गप्प झाले. मामाने पहिली बाटली उघडली आणि नेहमीसारखा तोंडभर घोट घेतला.

चहा नव्हता.

जीभ पेटली, आणि वाईट म्हणजे ती आग ओळखीची होती. खोटं कशाला सांगा, मामाचा जीव हरखला. अकरा महिने उपाशी ठेवलेला जीव तो. घसा नुसता वाट बघत होता. घोट गिळला असता तर कुणाच्या बापाला कळणार होतं? मामा तीन पावलं चालत सिंकपाशी गेला आणि थुंकला. थोडी शर्टावर सांडली. मग तो ओट्याला धरून उभा राहिला.

नायकाचं काम करणारा नट पांढराफटक पडला. "मामा, मीच ओतली. खरा वास आला की चेहऱ्यावरही खरं उमटेल, असं वाटलं. तुम्ही चाखता हे डोक्यातच आलं नाही."

"नट आहेस ना? मग चहावर कर की अभिनय," मामा म्हणाला. त्याने ती बाटली स्वतः रिकामी केली, विसळली, चहा भरला, पुन्हा चाखला आणि नटाच्या हातात दिली. प्रसंग पार पडला.

पावणेपाचला मामाने पाच-सहा वेळा चूळ भरली. वास जाईना. सामानाच्या पेटीत लवंगांची डबी होती. वीस वर्षं तो लवंग चघळत घरी गेला होता आणि बायकोलेकीला काही कळत नाही अशा भ्रमात राहिला होता. एक लवंग त्याने तळहातावर घेतली, बराच वेळ बघितली आणि परत डबीत टाकली.

"मी सांगतो ताईंना," नट म्हणाला.

"नको रे. साक्षीदार मी पूर्वीही खूप नेलेत. एकेक जण माझ्याहून जास्त प्यायलेला."

गाडी थांबली, लेक उतरली. मामाने लांबूनच हात वर केला.

"थांब, आधी ऐक. तोंडाला वास आहे. बाटलीत चहाऐवजी खरी निघाली. चाखली आणि थुंकली, गिळली नाही. तुला परत जायचं असेल तर जा, मी रागावणार नाही."

ती तरीही जवळ आली. अगदी जवळ येऊन तिने वास घेतला.

"लवंग नाही खाल्ली?"

"पेटीत आहे. नाही खाल्ली."

मग तिने पेटी उचलली आणि डिकीत ठेवली. मामा सवयीने मागचं दार उघडायला गेला.

"बाबा," ती म्हणाली, "तिथे बाळाची खुर्ची आहे. तुम्ही पुढे बसा."